चुलीचे लाकूड आणि विजेची करवत

पावसाळ्यापूर्वी लाकूडफाट्याची बेगमी करणे हा कोकणातील घरोघरचा रिवाज. घरात गॅस आला तरी न्हाणीघरातला बंब आणि मागीलदारची चूल अजून पेटतेच. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली, मंडणगड भागात आंबा, काजू, फणसाची असंख्य झाडे आडवी केली, तेव्हा यांत्रिक करवतीचे मोल सर्वांनाच कळले. आता विजेवर चालणारी छोटी चेन-सॉ अनेक घरी दिसते. श्रम वाचतात हे खरे. पण कुऱ्हाडीची सवय असलेल्या हाताला या यंत्राचा धोका चटकन उमगत नाही.

या करवतीची साखळी सेकंदाला दहा मीटर किंवा त्याहूनही अधिक वेगाने धावते. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला, की पाते उसळून चेहऱ्याकडे किंवा मानेकडे येते. हे इतक्या झटक्यात घडते, की माणसाला सावरायला अवधीच मिळत नाही. म्हणून यंत्र दोन्ही हातांनी, अंगठे मुठीभोवती वळवून धरावे. टोकाने कापू नये, खांद्याच्या वर उचलू नये, पात्याच्या सरळ रेषेत उभे राहू नये. ओंडका पायाने दाबून किंवा मुलाला धरायला सांगून कापणे हा तर अपघाताला दिलेला आवतणच! फुलीच्या आकाराचा लाकडी घोडा करून त्यावर ओंडका पक्का बसवावा. लुंगी, ओढणी, सैल बाह्या नकोत. डोळ्यांवर चष्मा, कानांवर बंदिस्ती आणि पायांत जाड बूट हवेत. जाड पँटने साखळी अडत नाही, हेही लक्षात ठेवावे.

दुसरा धोका विजेचा. मृगाची सर आली, की उरलेले चार ओंडके घाईघाईने उरकण्याचा मोह होतो. तो टाळावा. ओले अंगण, अनवाणी पाय आणि सोललेली वायर हे तिन्ही एकत्र आले, तर जिवावर बेतते. वायर जाड व अखंड असावी, ती नेहमी पाठीमागे राहील अशी घ्यावी. घरात ३० मिलिअँपिअरचा गळती-संरक्षक स्विच बसवून घ्यावा. साखळी ताणताना केवळ बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढावा.

एवढे करूनही जखम झालीच, तर स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरावे. हळद, कॉफी, चहाची पूड भरू नये. त्याने जखम दूषित होते आणि डॉक्टरांचे काम वाढते. बोट तुटल्यास ते स्वच्छ, ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावे व ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फात ठेवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना आठवणीने विचारावे. शॉक बसलेल्याला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करावा.

शेवटी धुराविषयी. ओले लाकूड जळताना आतले पाणी उडवण्यातच बरीच उष्णता खर्च होते. आग मंद राहते, धूर वाढतो. तो धूर चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या आणि तिच्या मांडीवरच्या मुलाच्या छातीत जातो. जुनाट खोकला, दमा, लहानग्यांचा न्यूमोनिया यांच्याशी त्याचा संबंध आहे. म्हणून लाकूड मे महिन्याच्या अखेरीस नव्हे, तर पौष-माघात कापावे, फोडावे आणि उन्हात वाळवून पडवीत रचावे. बिब्ब्याचे लाकूड मात्र चुकूनही त्यात घेऊ नये. त्याच्या चिकाने अंगावर फोड येतात, आणि धूरही बाधतो.

यंत्राने वेळ वाचतो. त्या वाचलेल्या वेळातली पाच मिनिटे सावधगिरीसाठी ठेवली, तर पावसाळ्यात चूलही नीट पेटेल आणि पेटवणारे हातही शाबूत राहतील.