सेंद्रिय आहार आणि महिन्याचा हिशेब : मर्यादित उत्पन्नाच्या कुटुंबाने आधी काय बदलावे?

बंगळुरू : म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार यांच्या नावाने 1892 मध्ये वसलेली चामराजपेट ही बंगळुरूच्या जुन्या वस्त्यांपैकी एक. कन्नड साहित्य परिषदेचे मुख्यालय येथेच आहे आणि कृष्णराजेंद्र मार्केटचा भाजीबाजार येथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. शहराच्या या जुन्या भागात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी बोलणारी कुटुंबेही आहेत. पगार किंवा लहान धंद्यावर चालणाऱ्या अशा घरांपुढे अलीकडे एक नवा प्रश्न उभा आहे. मुलांना रसायनमुक्त अन्न द्यावेसे वाटते; मात्र ‘सेंद्रिय’ अशी चिठ्ठी लागली की तीच डाळ आणि तीच भाजी महाग होते. मग महिन्याचा हिशेब बसवायचा कसा?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना बहुतेक जण भाजीपासून सुरुवात करतात. हिशेब मांडून पाहिल्यास सुरुवात धान्यापासून करणे अधिक परवडते, असे दिसते.

ऑगस्ट 2023 ते जुलै 2024 या काळातील केंद्र सरकारच्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार देशाच्या शहरी भागात दरडोई मासिक खर्च सरासरी 6,996 रुपये होता. त्यापैकी सुमारे 40 टक्के रक्कम अन्नावर खर्च होते. चार माणसांच्या कुटुंबासाठी ही रक्कम महिन्याला साधारण 11,100 रुपये भरते. त्यात भाजीचा वाटा एकूण खर्चाच्या चार टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सुमारे 1,150 रुपये. पेये, बाहेरचे खाणे आणि प्रक्रिया केलेले पदार्थ यांचा वाटा मात्र 11 टक्क्यांहून थोडा अधिक, म्हणजे 3,100 रुपयांच्या घरात. हे आकडे देशाच्या सरासरीचे आहेत. बंगळुरूसारख्या महागड्या शहरात खर्च याहून वाढतो. तरीही पैसा कोठे जातो, याचा अंदाज त्यातून येतो.

आता गरज किती, ते पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत 2,000 कॅलरींच्या दैनंदिन ताटासाठी 250 ग्रॅम धान्य, 85 ग्रॅम डाळी वा कडधान्ये (मांसाहार करणाऱ्यांसाठी त्यातच अंडी, मासे), 400 ग्रॅम भाज्या, 100 ग्रॅम फळे आणि 300 मिलिलिटर दूध किंवा दही असे प्रमाण दिले आहे. चार जणांचे घर धरले, तर महिन्याला 30 किलो धान्य, सुमारे 10 किलो डाळी-कडधान्ये आणि 48 किलो भाजी लागते. वरच्या 1,150 रुपयांत 48 किलो भाजी बसवायची म्हटली, तर किलोमागे जेमतेम 24 रुपये पडतात. याचा अर्थ अनेक घरांत भाजी मुळातच कमी पडते.

याच टप्प्यावर सेंद्रियाचा आग्रह उलटा पडू शकतो. दुप्पट दराची भाजी घ्यायची आणि रक्कम तीच ठेवायची, तर ताटातली भाजी निम्मी होते. किलोमागे दहा रुपये जास्त मोजले, तरी 48 किलोंवर 480 रुपयांचा बोजा पडतो. तेच दहा रुपये महिन्याच्या दहा किलो नाचणीवर जास्त दिले, तर बोजा 100 रुपयांचा. कडधान्यांवर किलोमागे 20 रुपये अधिक दिले, तरी 200 रुपयांत भागते.

महत्त्वाचे म्हणजे सेंद्रिय अन्नातून नक्की काय मिळते, याची उत्तरेही सरळ नाहीत. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2012 मध्ये उपलब्ध अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. सेंद्रिय अन्न लक्षणीयरीत्या अधिक पौष्टिक असल्याचा भक्कम पुरावा त्यात मिळाला नाही; मात्र त्यात कीटकनाशकांचे अंश आढळण्याची शक्यता कमी असल्याचे दिसले. 2014 मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ न्यूट्रिशन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या आढाव्यात सेंद्रिय पिकांत काही अँटिऑक्सिडंट घटक अधिक आणि कॅडमियम कमी असल्याचे आढळले. थोडक्यात, रसायनांचे अंश टाळणे हा सेंद्रिय अन्नाचा खरा लाभ आहे. ताटातली लोह, कॅल्शियम वा प्रथिनांची उणीव केवळ चिठ्ठी बदलून भरून निघत नाही. कर्नाटकात ही उणीव मोठी आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यातील 15 ते 49 वयोगटातील 47.8 टक्के महिला आणि सहा महिने ते पाच वर्षांपर्यंतची 65.5 टक्के बालके रक्तक्षयग्रस्त होती.

म्हणूनच दक्षिण कर्नाटकाचे मुख्य धान्य असलेली नाचणी या हिशेबात मध्यभागी येते. कन्नडमध्ये ती रागी. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या अन्नघटक तक्त्यांनुसार 100 ग्रॅम नाचणीत 364 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 4.6 मिलिग्रॅम लोह असते. सडलेल्या तांदळात हेच प्रमाण अनुक्रमे साडेसात मिलिग्रॅम आणि 0.65 मिलिग्रॅम आहे. तंतुमय घटक तांदळाच्या जवळपास चौपट. प्रौढ व्यक्तीला दिवसाला 1,000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, असे मानले जाते. 80 ग्रॅम नाचणीतून त्यातले 290 मिलिग्रॅमच्या आसपास मिळते. अर्थात, धान्यातील फायटेटमुळे हे सगळे अंगी लागत नाही. मोड आणून केलेले सत्त्व किंवा रात्रभर आंबवलेली आंबील यांत फायटेट घटते. आंबील हा शब्द महाराष्ट्राला परका नाही. कर्नाटकात तीच ‘अंबली’ म्हणून ओळखली जाते.

शेतीच्या अंगानेही नाचणी सोयीची आहे. हे पीक बहुतांशी पावसावर येते. रासायनिक खत अनेक शेतकरी घालतात, परंतु भाजीपाल्याच्या तुलनेत कीटकनाशकांची फवारणी फार कमी लागते. साठवणीत दाण्याला कीड सहजासहजी लागत नाही, त्यामुळे तिथेही औषधांची गरज उरत नाही. प्रमाणपत्र नसलेली नाचणीदेखील त्यामुळे तुलनेने निर्धोक निवड ठरते. दक्षिण कर्नाटकात शिधावाटप दुकानांतून तांदळाबरोबर नाचणी आणि उत्तर कर्नाटकात ज्वारी दिली जाते. 2025-26 च्या खरीप हंगामासाठी केंद्राने नाचणीची किमान आधारभूत किंमत क्विंटलला 4,886 रुपये ठरवली. म्हणजे शेतकऱ्याच्या पातळीवर किलोला 49 रुपयांहून थोडे कमी. यावरून किरकोळ भावाचा अंदाज बांधता येतो. तयार पिठाच्या आकर्षक पुड्यांपेक्षा दाणे घेऊन दळून आणणे स्वस्त पडते. पिठाच्या चक्कीला बंगळुरूतही गिरणीच म्हणतात.

धान्यानंतर कडधान्यांचा क्रम लागतो. हुलगे, म्हणजे कर्नाटकातील ‘हुरळी’, हे कोरडवाहू आणि स्वस्त कडधान्य. डिसेंबर ते फेब्रुवारी हा ‘अवरे’चा, म्हणजे पावट्याच्या जातीच्या शेंगांचा काळ. मागडी भागातून या शेंगांचे ढीग शहरात येतात आणि लगतच्या विश्वेश्वरपुरात अवरेच्या पदार्थांची जत्राही भरत आली आहे. बसवनगुडीतील नंदी मंदिरापाशी कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी भरणारी ‘कडलेकाई परिषे’ ही भुईमुगाच्या शेंगांची यात्रा. तेथे अनेक शेतकरी स्वतःच शेंगा विकतात. हंगामात घेऊन वाळवून ठेवलेल्या शेंगा आणि पावटे पुढचे काही महिने पुरतात.

भाजीच्या बाबतीत सावधगिरी अधिक हवी, आणि ती केवळ कीटकनाशकांपुरती नाही. बसवनगुडीच्या याच परिसरात उगम सांगितला जाणारी वृषभावती नदी आज शहराचे सांडपाणी वाहून नेते. तिच्या खालच्या अंगाला, ब्यरमंगल तलावाच्या परिसरात त्याच पाण्यावर भाजीपाला पिकतो आणि त्यात जड धातू आढळल्याचे अनेक अभ्यासांत नोंदवले गेले आहे. हे धातू धुऊन जात नाहीत. मिठाच्या वा हळदीच्या पाण्यात भाजी बुडवल्याने माती, जंतू आणि पृष्ठभागावरचे काही अंश निघतात. झाडाने शोषून घेतलेले रसायन मात्र पानातच राहते. त्यामुळे सेंद्रिय भाजीसाठी थोडी रक्कम बाजूला काढता येत असेल, तर ती पालेभाजी, कोथिंबीर आणि सालीसकट खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांवर खर्च करावी. कांदा, भोपळा, केळी, फणस अशा सोलून खाण्याच्या जिनसांसाठी साधा बाजार पुरेसा आहे.

खरेदीची ठिकाणेही बदलता येतात. फळे व भाज्या उत्पादकांची ‘हॉपकॉम्स’ ही सहकारी संस्था 1959 पासून बंगळुरूत काम करते. तिचे मुख्य केंद्र लालबागेत असून विक्री केंद्रे शहरभर आहेत. तिचा सर्वच माल सेंद्रिय नसतो, पण तो शेतकऱ्यांकडून थेट येतो आणि दर फलकावर लिहिलेले असतात. सेंद्रिय शेतकऱ्यांसाठी काम करणारी ‘सहज समृद्ध’ ही संस्थाही याच शहरातली. चार-पाच कुटुंबांनी मिळून पोत्याने धान्य घेतले, तर वाहतुकीचा आणि पुड्या बांधण्याचा खर्च वाचतो.

सेंद्रिय माल महाग का, याचे कारण बऱ्याच अंशी प्रमाणीकरणात आहे. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाच्या नियमांनुसार हंगामी पिकांच्या जमिनीला पेरणीपूर्वी दोन वर्षांचा रूपांतरण काळ पाळावा लागतो. या काळात उत्पन्न घटते, खुरपणीची मजुरी वाढते आणि माल मात्र ‘सेंद्रिय’ म्हणून विकता येत नाही. त्यावर तपासणी संस्थेचे शुल्क. याला स्वस्त पर्याय म्हणजे ‘पीजीएस-इंडिया’. किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांच्या शेतांची तपासणी करून हमी देतो. रूपांतरण सुरू असलेल्या शेतातील मालावर ‘पीजीएस-ग्रीन’ आणि पूर्ण झालेल्यावर ‘पीजीएस-ऑरगॅनिक’ असे चिन्ह असते. पूर्ण सेंद्रिय मालाचा दर परवडत नसेल, तर ‘ग्रीन’ चिन्हाच्या मालाची चौकशी जरूर करावी. बंद पाकिटावर मात्र ‘जैविक भारत’ हे चिन्ह पाहावे. सेंद्रिय अन्नाबाबतचे नियम 1 जुलै 2018 पासून लागू आहेत. ‘नॅचरल’, ‘फार्म फ्रेश’, ‘गावरान’ या शब्दांना प्रमाणपत्राचे मोल नाही. लहान शेतकरी स्वतः ग्राहकाला थेट माल विकत असेल, तर त्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही. तेथे ओळख आणि विश्वास हाच आधार.

सर्वांत स्वस्त सेंद्रिय भाजी अर्थातच घरची. बंगळुरूत डॉ. बी. एन. विश्वनाथ यांनी गच्चीवरील सेंद्रिय बागेचा प्रसार अनेक वर्षे केला आहे. महाराष्ट्रात अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या, ‘पद्मश्री’ने गौरवलेल्या राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाणे जपत परसबागेचा तोच विचार खेड्यापाड्यांत नेला. जुन्या पेठेतील दाटीच्या घरांत ऊन मिळणारी जागा कमी असते, त्यामुळे सगळी भाजी घरी पिकेल ही अपेक्षा व्यर्थ आहे. मेथी, माठ, कोथिंबीर कुंड्यांत येते. शेवग्याचे एक झाड मात्र मोठे काम करते. त्याच्या 100 ग्रॅम पाल्यात 314 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि साडेचार मिलिग्रॅम लोह असते.

हा पाला आणि डाळ किंवा हुलगे एकत्र शिजवून त्याचे पाणी वेगळे काढायचे, त्या पाण्याचे तिखट-आंबट सार करायचे आणि उरलेल्या डाळ-भाजीला खोबरे घालून फोडणी द्यायची, याला कर्नाटकात ‘बस्सारु’ म्हणतात. पाण्यात उतरलेली जीवनसत्त्वे आणि क्षार वाया जात नाहीत, सारातील चिंच वा वरून पिळलेले लिंबू लोह शोषण्यास मदत करते आणि एका शिजवणीत दोन पदार्थ होतात. सोबत नाचणीचा ‘मुद्दे’, म्हणजे उकडीचा गोळा, असतो. जेवणानंतर लगेच चहा-कॉफी घेतल्यास लोहाचे शोषण घटते, म्हणून तिला तासाभराचे अंतर ठेवावे.

वाढीव खर्चाची रक्कम कोठून आणायची, याचे उत्तर त्याच 3,100 रुपयांत आहे. त्यातला दहावा भाग, म्हणजे सुमारे 300 रुपये बिस्किटे, फरसाण आणि थंड पेयांतून काढले, तर वर मांडलेल्या हिशेबाप्रमाणे महिन्याच्या दहा किलो नाचणीचा आणि दहा किलो कडधान्यांचा वाढीव भाव त्यात भागतो. हीच रक्कम ‘सेंद्रिय’ शिक्का असलेल्या बिस्किटांवर खर्च केली, तर साखर आणि मैदा घरात पूर्वीइतकाच येतो.