आतड्यातला तोतया

आम्हां जालनेकरांचे पोट बिघडले की मऊ भात आणि मोसंबीचा रस, एवढ्यावर बहुधा भागते. माझ्या भाच्याचे भागले नाही. ओटीपोटात उजवीकडे कळ, जुलाब, संध्याकाळी कणकण, वजन उतरलेले. घरच्यांनी संग्रहणी म्हटले, डॉक्टरांनी आतड्याचा क्षय. सहा महिने औषधे झाली. विचारले की म्हणे, “बरं आहे, मामा.” शौचाच्या गोष्टी मामाजवळ बोलायच्या तरी कशा!

अखेर छत्रपती संभाजीनगरला आतड्यात दुर्बीण घालून तुकडा तपासला, तेव्हा खरे नाव कळले : क्रोनचा रोग. न्यूयॉर्कच्या डॉ. बरिल क्रोन यांनी दोन सहकाऱ्यांसह १९३२ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. यात शरीराचे रक्षकच आतड्यावर उलटतात. लहान आतडे मोठ्याला मिळते ती जागा क्षयाचीही आवडती. म्हणून आपल्याकडे हा रोग भाऊसाहेबांच्या तोतयासारखा भल्याभल्यांना चकवतो. उलटा घोटाळा तर अधिक घातक, कारण क्रोनवरची स्टेरॉइडे क्षयाला मोकळे रान देतात. म्हणून निदान अडले की डॉक्टर पुष्कळदा आधी क्षयाची औषधे देऊन पाहतात. त्यात चूक नाही. पण दोन-तीन महिन्यांत उतार पडला की नाही, हे रोग्याने न लाजता सांगावे आणि डॉक्टरांनी पुन्हा तपासावे.

हा रोग समूळ जात नाही, दबतो. त्याला अझाथायोप्रिनच्या गोळ्या, नाहीतर महागडी इंजेक्शने. आतडे आवळले तर शस्त्रक्रिया. विडी-सिगारेट साफ वर्ज्य.

भाचा आता कॉलेजात दाराजवळच्या बाकावर बसतो. कारण त्याने प्राध्यापकांना स्वतःच सांगितले आहे.