सावकार बदला, मग कर्ज फेडा

क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटवर दोन आकडे ठळक छापलेले असतात: एकूण देय रक्कम आणि ‘मिनिमम अमाउंट ड्यू’. पगार तुटपुंजा असला की नजर दुसऱ्यावर थांबते, कारण तेवढाच झेपण्यासारखा असतो. रत्नागिरी जिल्हा परिषदेच्या एखाद्या शाळेत नव्याने लागलेल्या प्राथमिक शिक्षणसेवकाचं उदाहरण घेऊ. १ जानेवारी २०२३ पासून त्याचं मानधन महिना १६,००० रुपये झालं आणि पहिली तीन वर्षं त्यावरच काढायची असतात. घाटावरून आलेला असेल तर खोलीचं भाडंही त्यातूनच. त्याच्या कार्डाची ६०,००० रुपयांची मर्यादा संपली आहे आणि व्याजाचा दर महिना साडेतीन टक्के आहे असं धरू. बाजारात हा दर सर्रास आढळतो. एका महिन्याचं व्याज झालं २,१०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ३७८ रुपये. किमान रक्कम पाच टक्के धरली तर भरायचे ३,०००. म्हणजे मुद्दलातून गेले फक्त ५२२. वर्षभर अशी किमान रक्कम इमानेइतबारे भरली तर खिशातून सुमारे ३४,००० रुपये जातात आणि कर्ज ६०,००० वरून ५४,००० च्या आसपास येतं. या काळात कार्डावर एक पैसाही नवा खर्च केला नाही, हे त्यात गृहीत आहे. केला असता तर आणखी पंचाईत, कारण मागची बाकी शिल्लक असताना बिनव्याजी मुदत मिळत नाही. आज घेतलेल्या किराण्यावर आजपासूनच व्याज सुरू होतं. किमान रक्कमच भरत राहिलात तर परतफेड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं लांबेल आणि व्याज चढत जाईल, असा इशारा प्रत्येक बिलावर छापणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलं आहे. तो छापलाही जातो. वाचतो कोण, हा वेगळा प्रश्न.

अशा माणसाला सल्ला मिळतो तो ठरलेला: खर्च कमी करा, डायरीत हिशेब लिहा, हॉटेलात जाऊ नका. सल्ला वाईट नाही, पण तो ज्याच्या हातात काटण्यासारखं काही आहे त्याच्या कामाचा. १६,००० मध्ये भाडं, गॅस, गावी पाठवायचे पैसे आणि ३,००० चा हप्ता वजा केला की काटकसर करून महिन्याला चारपाचशे रुपये सुटतील. कमी उत्पन्नाच्या माणसाचं कार्डाचं कर्ज फिटत नाही याचं मुख्य कारण त्याची उधळपट्टी नसून व्याजाचा दर आहे, असं माझं म्हणणं आहे. आणि म्हणून पहिली हालचाल खर्चावर नव्हे, दरावर करायला हवी. गणित करून पाहा. हप्ता तोच ठेवा, दर महिना ३,००० रुपये, कमी-जास्त नाही. साडेतीन टक्के अधिक जीएसटी या दराने ६०,००० फिटायला ४४ महिने लागतात आणि एकूण भरणा होतो सुमारे १,३०,०००. हेच कर्ज वर्षाला १५ टक्क्यांवर नेलं, तर २४ व्या हप्त्याला खातं बंद होतं आणि एकूण जातात साधारण ६९,५००. साध्या कर्जाच्या व्याजावर जीएसटीही लागत नाही. फरक ६०,००० रुपयांचा, म्हणजे मूळ कर्जाएवढा. चहा सोडून एवढे पैसे वाचत नाहीत.

हा दर कायद्याला चालतो कसा, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवानाधारक सावकाराला शेतकरी नसलेल्या कर्जदाराकडून विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. तारण असेल तर १५. गावातला सावकार कार्डाएवढेच, म्हणजे वर्षाला ४२ टक्के मागू लागला तर सहायक निबंधकाकडे तक्रार होऊ शकते. बँकेच्या कार्डाला मात्र हा कायदा लागू नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली वर्षाला ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज आकारणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि २० डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. व्याजदर हा रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतला विषय, आयोगाने त्यात पडू नये, असं त्याचं सार. रिझर्व्ह बँकेने दर वाजवी असावा असं सांगितलं आहे, पण टक्केवारीची मर्यादा घातलेली नाही. तेव्हा वरून कुणी दर कमी करून देईल याची वाट पाहण्यात अर्थ नाही. कर्जदाराच्या हातात एकच गोष्ट उरते, सावकार बदलणं.

सगळ्यात जवळचा दरवाजा कार्ड देणाऱ्या बँकेचाच. थकबाकीचं हप्त्यांत रूपांतर करून द्या, असं कस्टमर केअरला फोन करून आणि लेखी मागावं; दर बहुतेक वेळा कार्डाच्या दरापेक्षा बराच कमी असतो, मात्र प्रोसेसिंग फी आणि एकूण परतफेडीचा आकडा हो म्हणण्याआधी विचारून घ्यावा. दुसरा दरवाजा पतसंस्थेचा. रत्नागिरीत स्वामी स्वरूपानंदसारख्या पतसंस्था आहेत, जिल्हा मध्यवर्ती बँकेच्या शाखा तालुक्याच्या गावांच्याही पलीकडे पोचल्या आहेत, नोकरदारांच्या पतपेढ्या आहेत, बाईमाणसांचे बचत गट आहेत. सभासद व्हावं लागतं, भाग घ्यावे लागतात, दोन जामीनदार उभे करावे लागतात, आणि जामीनदार मागताना जीभ जड होते हे खरं. पतसंस्थेतल्या ठेवींना बँकेसारखं विमा संरक्षण नसतं म्हणून लोक कचरतात. पण आपण पैसे ठेवायला नाही, घ्यायला चाललो आहोत. तिसरा दरवाजा सोन्याचा. काउंटरवर मूल्यांकन करणारा सोनार पाटल्या कसोटीवर घासतो, उमटलेल्या रेघेवर आम्लाचा थेंब टाकतो, मंगळसूत्रातले काळे मणी आणि खडे यांचं वजन वजा करतो आणि उरलेल्या निव्वळ सोन्याच्या किमतीच्या ठरावीक हिश्शापर्यंत कर्ज मंजूर होतं. अर्ध्या-पाऊण तासाचं काम. तारण असल्यामुळे बँकांत हा दर कार्डाच्या दराच्या निम्म्याहूनही खाली असतो.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो घरातूनच येतो: बाईच्या अंगावरचं सोनं कार्डाच्या देण्यापायी गहाण टाकायचं? सोनं तिचं स्त्रीधन आहे, तिच्या मनाविरुद्ध त्याला हात लावू नये, हे मान्यच. पण कपाटातल्या पाटल्या सांभाळून वर्षाला पन्नास टक्क्यांच्या घरात व्याज आणि कर भरणं म्हणजे त्याच पाटल्या हळूहळू विकत राहणं आहे, फक्त ते दिसत नाही. धोका खरा आहे तो लिलावाचा. म्हणून फिटेल तेवढ्याच रकमेपुरतं सोनं ठेवावं, सगळा डबा नेऊ नये. कोकणात या कर्जाची आणखी एक सोय आहे. कार्डाची तारीख दर महिन्याला येते. बागायतदाराच्या किंवा मच्छीमाराच्या घरातलं उत्पन्न तसं येत नाही. आंब्याचे पैसे एप्रिल-मेमध्ये हातात पडतात, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, आणि मग लगेच गणपती. वर्षाच्या शेवटी एकरकमी फेडायचं सोनेतारण या चालीला जुळतं. मात्र मधल्या महिन्यांत जमेल तसं भरत राहावं, नाहीतर मे महिन्यात व्याजासकट सगळं एकदम अंगावर येतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कर्ज काढून कर्ज फेडणं हा जुना सापळा आहे, कार्ड मोकळं झालं की पुन्हा भरतं आणि मग दोन कर्जं डोक्यावर. असं घडतं, आणि ज्यांच्या बाबतीत घडतं त्यांनी दर बदलून काही मिळवलेलं नसतं. त्यामुळे ही युक्ती एकाच अटीवर चालते: ज्या दिवशी पतसंस्थेचा पैसा कार्डात भरला त्याच दिवशी कार्ड बंद करण्याचा अर्ज गेला पाहिजे. ‘अडीअडचणीला असू दे’ या वाक्याने पुष्कळ घरं बुडवली आहेत. मोबाइलवर पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या अॅपकडे जाणं म्हणजे सावकार बदलणं नव्हे. तिथे दर पुष्कळदा तोच किंवा वरचा, आणि मुदत अनेकदा आठवड्यांची.

काही जण म्हणतात, भरूच नका, विनातारण कर्ज आहे, करतील काय? नुसतं कार्डाचं बिल थकलं म्हणून तुरुंगवास होत नाही, हे खरं. वसुली एजंटाला सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही, नातेवाइकांना धमकावता येत नाही. केल्यास आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी आणि ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावं. त्यासाठी १४४४८ हा टोल फ्री क्रमांक आहे. पण व्याज थांबत नाही, आणि शेवटी कमी रकमेत सेटलमेंट केली तरी सिबिलच्या अहवालात ‘सेटल्ड’ हा शेरा राहतो. उद्या घरासाठी कर्ज मागायला गेल्यावर तोच शेरा आडवा येतो. नोकरी गेली, घरात मोठं आजारपण आलं, हप्ता कुठल्याच दराने झेपत नाही, अशा वेळी सेटलमेंट हा शेवटचा आणि योग्य मार्ग आहे. ३,००० भरू शकणाऱ्याने तो धरू नये.

कार्ड बंद करताना बँका टोलवाटोलवी करतात, नवी ऑफर पुढे करतात, ‘साहेबांना विचारतो’ म्हणतात. तेव्हा एवढं लक्षात ठेवा: सगळी बाकी भरलेली असेल तर अर्ज दिल्यापासून ७ कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणं बँकेवर बंधनकारक आहे, आणि त्यानंतरच्या विलंबाबद्दल दिवसाला ५०० रुपये दंड बँकेने ग्राहकाला द्यायचा आहे. अर्जाची पोच जपून ठेवा.