गळकी मेमरी

जुना लॅपटॉप ब्राउझर उघडायला मिनिटभर लावतो आणि आपण म्हणतो, प्रोसेसर थकला. पण त्या मिनिटातला बराचसा वेळ प्रोसेसर काय करत असतो, ठाऊक आहे? काहीच नाही! तो नुसता वाट बघत असतो.

कुणाची? हार्ड डिस्कची. रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा आणि डिस्क म्हणजे माळा. ओटा भरला की ऑपरेटिंग सिस्टिम सध्या नको असलेलं सामान माळ्यावर टाकते, लागलं की पुन्हा खाली काढते. मँचेस्टरच्या ‘ॲटलस’ संगणकात 1962 साली ही युक्ती वापरात आली आणि ती इतकी बेमालूम आहे की चालू प्रोग्रामला पत्ताही लागत नाही. पण हा माळा आहे तरी किती उंच? रॅममधून माहिती यायला सेकंदाचा साधारण एक कोटीवा भाग पुरतो. फिरत्या डिस्कवरून यायला शंभरावा भाग लागतो. म्हणजे लाख पट फरक! ओट्यावरचं मीठ एका सेकंदात हाती येत असेल, तर माळ्यावरच्या मिठासाठी जवळजवळ 28 तास थांबायचं. 4 जीबी रॅमवर ढीगभर टॅब उघडले की अशाच खेपा सुरू होतात.

म्हणून ओटा वाढवायचा. पण रॅमची जी पट्टी आपण बसवणार, ती आधी नीट बघा तरी! बोटभर लांबीच्या त्या 4 जीबीच्या पट्टीत 3,400 कोटींहून जास्त कपॅसिटर आहेत. विजेचा भार साठलेला असेल तर 1, नसेल तर 0. आणि गंमत अशी की यातला प्रत्येक कपॅसिटर गळका आहे. भार सतत झिरपून जातो, म्हणून दर 64 मिलिसेकंदांत कपॅसिटरची प्रत्येक ओळ वाचून पुन्हा भरावी लागते. सेकंदाला पंधरा वेळा, सगळीच्या सगळी! शिवाय नुसतं वाचलं तरी भार पुसला जातो, की लगेच पुन्हा लिहा. तुम्ही हे वाक्य वाचेपर्यंत समोरच्या यंत्राची सगळी मेमरी कित्येकदा विरता विरता वाचली आहे.

असली विसरभोळी रचना कुणी मुद्दाम का करेल? कारण ती विलक्षण छोटी आहे. एक बिट राखायला तेव्हा सहा ट्रान्झिस्टर लागायचे. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना 1966 मध्ये सुचलं, की एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर पुरे. गळेना का, भरत राहू! 1968 मध्ये त्यांना पेटंट मिळालं. आज लॅपटॉपपासून फोनपर्यंत हीच कल्पना धावते आहे.

रॅम वाढवण्याआधी मात्र टास्क मॅनेजर उघडून बघा. नेहमीच्या कामात मेमरी काठोकाठ भरत असेल, तरच पैसे घाला; निम्मी रिकामी असेल तर वेग फारसा वाढणार नाही. डीडीआर3 ची पट्टी डीडीआर4 च्या स्लॉटमध्ये बसत नाही, तिची खाचच वेगळ्या जागी असते. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, तिथे हा उपाय नाही. आणि विंडोज 32 बिटचं असेल, तर आधी ते बदला: 32 बिटांत 429 कोटी पत्तेच लिहिता येतात, म्हणजे बरोबर 4 जीबी. त्यापुढची रॅम घरच्या वापराच्या त्या विंडोजला वापरताच येत नाही.