कण लहान झाला, पण औषध कोणाचे?

घरात कॅन्सर शिरला की आधी दागिने जातात, मग जमीन जाते. हे आमच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. म्हणूनच कॅन्सरवरच्या ‘नॅनो’ औषधांच्या बातम्या आम्ही कौतुकाने वाचतो, आणि कायद्याच्या नजरेनेही वाचतो.

यामागचे विज्ञान समजण्यासारखे आहे. केमोथेरपीचे औषध अंगभर फिरते आणि गाठीबरोबर चांगल्या पेशींनाही मारते. तेच औषध केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढ्या कणात भरले, तर ते गाठीच्या झिरपत्या रक्तवाहिन्यांतून बाहेर पडून गाठीत साचते. जपानच्या मात्सुमुरा आणि माएदा यांनी हे तत्त्व १९८६ साली मांडले. १९९५ साली अमेरिकेत ‘डॉक्सिल’ हे अशा कणांचे औषध मंजूर झाले. आता औषधाच्या कणातच एमआरआयवर दिसणारे लोह किंवा गॅडोलिनियम घालून उपचार आणि तपासणी एकत्र करण्याचे प्रयोग चालू आहेत.

तपासणी कशाला हवी? टोरांटोच्या संशोधकांनी २०१६ साली आधीच्या दहा वर्षांतल्या प्राण्यांवरील प्रयोगांचा हिशेब काढला. टोचलेल्या कणांपैकी गाठीत पोचणाऱ्यांचा मध्यक (मीडियन) निघाला अवघा ०.७ टक्के! २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात रुग्णांना आधी लोहकण देऊन एमआरआय काढला गेला. ज्या गाठींत लोहकण अधिक साचले, त्या नंतरच्या नॅनो औषधाने अधिक आकसल्या. म्हणजे औषध कोणाच्या गाठीत पोचेल, हे जमीन विकण्याआधीच कळण्याची शक्यता आहे. गरिबाला याहून मोठा दिलासा कोणता?

परंतु हा दिलासा विकत घ्यावा लागणार असेल, तर त्याची किंमत कोण ठरवणार? कंपनी म्हणेल, कण नवा म्हणून पेटंट नवे. आपल्या पेटंट कायद्याचे कलम ३(ड) मात्र वेगळे सांगते. ज्ञात पदार्थाचे नुसते नवे रूप म्हणजे नवा शोध नव्हे, आणि या रूपांच्या यादीत ‘कणांचा आकार’ हे शब्द स्पष्ट लिहिलेले आहेत. गुण लक्षणीय वाढला असेल, तरच पेटंट. ग्लिवेक खटल्यात १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने औषधाच्या बाबतीत गुण म्हणजे रोग बरा करण्याचा गुण, असा अर्थ लावला. त्या औषधाच्या पेटंटला मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने विरोध केला होता.

याच कायद्याच्या सक्तीच्या परवान्याने मार्च २०१२ मध्ये नेक्साव्हार या कॅन्सरच्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजारांवरून ८,८८० रुपयांवर आला.

पेटंट मिळण्यापूर्वी कोणीही व्यक्ती विरोध नोंदवू शकते, हा हक्क कलम २५ देते. मार्च २०२४ च्या नियमांनी त्यावर फी बसवली आणि विरोध ऐकण्यायोग्य आहे की नाही, हे आधी तपासण्याची पायरी घातली. दार बंद केलेले नाही, अरुंद केले आहे.

आमचा विज्ञानाला विरोध नाही. गाठ अचूक शोधणारे औषध आम्हाला हवेच आहे. पण त्या औषधाला रुग्णाची झोपडीही सापडली पाहिजे. त्यासाठी चळवळीतल्या वकिलांनी कलम ३(ड) आणि कलम २५ पाठ करून ठेवावे. नॅनो औषधांच्या पेटंट अर्जांवर आतापासून नजर ठेवावी. हक्क वापरला नाही, तर तो कागदावरच राहतो.