मॉइलच्या शंभर शेअरांचा हिशेब

भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या मँगनीजच्या दोन खाणी आहेत. चिखल्याची खाण जमिनीखालची, डोंगरीची उघडी. दोन्ही मॉइल या नागपूरच्या सरकारी कंपनीच्या. १८९६ मध्ये एका ब्रिटिश सिंडिकेटने या पट्ट्यात कामाला सुरुवात केली, १९६२ मध्ये ५१ टक्के मालकी केंद्र, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र सरकारांकडे आली आणि १९७७ मध्ये उरलेले ४९ टक्केही सरकारने घेतले. डिसेंबर २०१० मध्ये या तिन्ही सरकारांनी मिळून आपले २० टक्के भाग जनतेला विकले. शेअरचा भाव ३७५ रुपये होता, किरकोळ अर्जदाराला त्यावर पाच टक्के सूट. अर्जांचा पाऊस पडला, मागणी विक्रीच्या पन्नासपटीहून जास्त झाली. १५ डिसेंबरला शेअर बाजारात नोंदला गेला, साडेपाचशेच्या आसपास उघडला आणि संध्याकाळी ४६५ च्या घरात बंद झाला. ज्यांनी त्या दिवशी विकला ते सुटले. ज्यांनी ‘चांगला शेअर आहे, विसरून जा’ हा सल्ला मानला त्यांच्या हाती पुढच्या चौदा वर्षांत काय पडले, हे तपासण्यासारखे आहे. कारण ‘चांगली कंपनी घ्या आणि धरून ठेवा’ हे सूत्र आपल्याकडे जवळजवळ देववाणीसारखे सांगितले जाते.

हिशेब सोपा आहे. सूट बाजूला ठेवून शंभर शेअर ३७,५०० रुपयांना घेतले असे समजू. २०१७ मध्ये कंपनीने एकास एक बोनस दिला, म्हणजे शंभराचे दोनशे झाले आणि मूळ खरेदी शेअरमागे १८७ रुपये ५० पैशांवर आली. मार्च २०२५ च्या अखेरीस भाव सव्वातीनशेच्या आसपास होता. दोनशे शेअरांचे झाले सुमारे ६५ हजार. बोनस जमेस धरून या काळातला लाभांश ढोबळमानाने शेअरमागे साठ-सत्तर रुपये होतो, म्हणजे आणखी बारा-चौदा हजार. एकूण रक्कम जेमतेम दुप्पट. वर्षाला पाच टक्क्यांच्या आसपासचा हा परतावा आहे. तेच ३७,५०० रुपये पोस्टातल्या पीपीएफ खात्यात टाकून विसरले असते तर व्याजदर उतरत जाऊनही लाखाच्या वर गेले असते, तेही करमुक्त. सेन्सेक्स या काळात साडेएकोणीस हजारांच्या थोडा वरून सत्त्याहत्तर हजारांच्या पुढे गेला. त्या गतीने ही रक्कम दीड लाखाला थोडी कमी भरली असती. जोखीम एकाच कंपनीची घेतली आणि मोबदला पोस्टापेक्षा कमी मिळाला, असा हा व्यवहार झाला.

यावर पहिला आक्षेप तारखांचा येईल, आणि तो रास्त आहे. मार्च २०२० मध्ये, टाळेबंदीच्या घबराटीत हाच शेअर शंभराच्या घरात मिळत होता आणि जुलै २०२४ मध्ये साडेपाचशेच्या पुढे गेला होता. चार वर्षांत पाचपट! मग शेअर वाईट कसा? पण हा आक्षेप मूळ सूत्राच्या बाजूचा नाही, विरोधातला आहे. दीर्घकाळ धरणे हेच जर फळ देणारे असते, तर चौदा वर्षे धरणाऱ्याला चार वर्षे धरणाऱ्यापेक्षा जास्त मिळायला हवे होते. मिळाले उलटे. फळ दिले ते खरेदीच्या आणि विक्रीच्या वेळेने.

आणि ती वेळ कुणी ठरवली, हेही पाहावे. २०२४ ची तेजी डोंगरीच्या फडावर जन्मली नव्हती. त्या वर्षी मार्चमध्ये मेगन नावाचे चक्रीवादळ ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावर धडकले आणि ग्रूट आयलंड बेटावरच्या साऊथ३२ कंपनीच्या खाणीचा धक्का मोडला. जगातल्या मोठ्या मँगनीज खाणींपैकी एकीची जहाजे थांबली, दर्जेदार खनिजाचे दर चढले, मॉइलनेही आपले दर वाढवले आणि शेअर उसळला. पुढे टंचाईची भीती ओसरली तसा शेअरही ओसरला. मँगनीजचा जवळजवळ सगळा खप पोलादासाठी आहे. त्यामुळे पोलादाची मागणी आणि दक्षिण आफ्रिका, गॅबन, ऑस्ट्रेलिया इथला पुरवठा मिळून जो दर ठरवतील तो चिखल्याला मान्य करावा लागतो. खाण घराशेजारी आहे म्हणून तिचा शेअर आपल्याला कळतो, हा समज इथेच गळून पडतो. शेजाऱ्याला टन दिसतात, दर दिसत नाही.

टनांचा विचार केला तर कंपनीने हलगर्जी केली असे म्हणता येत नाही. शेअर बाजारात आला त्या सुमाराला वर्षाचे उत्पादन अकरा लाख टनांच्या आसपास होते. २०२४-२५ मध्ये ते १८ लाख टनांवर गेले, कंपनीच्या इतिहासातला उच्चांक. पण २०१०-११ चा निव्वळ नफा ५८८ कोटी होता आणि विक्रमी उत्पादनाच्या २०२४-२५ मध्ये ३८२ कोटी. मधल्या २०१५-१६ मध्ये तर तो १७३ कोटींपर्यंत घसरला होता. ३७५ रुपये हा भाव २००९-१० च्या नफ्याच्या साडेतेरा पट होता आणि कागदावर स्वस्त वाटत होता. पण तो नफा तेजीच्या वर्षांतला होता, आणि खनिजाच्या कंपनीचा शेअर नेमका नफा फुगलेला असताना स्वस्त दिसतो. विकणारी तिन्ही सरकारे हे जाणून होती की नाही, कोण जाणे. विकायची वेळ मात्र त्यांनी उत्तम निवडली. भागविक्रीचे सुमारे १,२३८ कोटी रुपये थेट सरकारी तिजोऱ्यांत गेले, नव्या शाफ्टसाठी त्यातला रुपयाही नव्हता.

दुसरा आक्षेप जाणकारांचा असतो: बायबॅक विसरलात. विसरून चालणारच नाही. २०१६ मध्ये, बोनसच्या आधी, कंपनीने २४८ रुपयांनी स्वतःचे शेअर परत घेतले. २०२२ मध्ये २०५ रुपयांनी. मधेही दोनदा खरेदी झाली. बोनस धरून मोजले तर ३३ कोटी ६० लाख शेअरांचे २० कोटी ३५ लाख उरले. त्यामुळे नफा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घटला तरी शेअरमागचा नफा साडेसतरा रुपयांवरून पावणेएकोणीसवर राहिला. म्हणजे चौदा वर्षे साठवलेली रोकड वाटूनही शेअरमागची कमाई जवळपास जागच्या जागी आहे. जागच्या जागी असलेल्या कमाईला काळाने गुणले तर उत्तर तेवढेच येणार.

मग अमळनेरचे काय, असे कुणी हमखास विचारेल. जळगाव जिल्ह्यातल्या त्या गावात १९४५ मध्ये वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही वनस्पती तुपाची कंपनी निघाली, गावातल्या लोकांनी तिचे शेअर घेतले आणि पिढ्यान्‌पिढ्या ठेवले. तीच पुढे विप्रो झाली आणि अमळनेरातली कितीतरी घरे कोट्यधीश झाली. हे खरे आहे. पण अमळनेरकरांना धरून ठेवण्याने दिले, त्यापेक्षा कंपनी बदलल्याने दिले: १९६६ मध्ये सूत्रे हाती घेणाऱ्या अझीम प्रेमजींनी नफा तुपाच्या डब्यांपुरता ठेवला नाही, तो संगणकात घातला. मॉइलचा नफा तसा कुठे नवे झाड लावू शकत नव्हता. खनिज खोदणे हेच तिचे विहित काम आहे. शिवाय अमळनेरची गोष्ट सांगितली जाते ती यशस्वी ठरली म्हणून. नागपूरची एम्प्रेस मिल, जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केलेली, एके काळी गुंतवणूकदारांची लाडकी होती. १९८६ मध्ये ती राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद पडली. तुमसरजवळ माणेकनगरला याच मँगनीजवर चालणारा युनिव्हर्सल फेरोचा कारखानाही बंद पडला. त्यांचे शेअर निष्ठेने सांभाळणाऱ्यांच्या कथा कुणी छापत नाही.

मॉइल बुडाली नाही, बुडण्याची लक्षणेही नाहीत. कर्जाचे ओझे नसलेली, दरवर्षी लाभांश देणारी ती कंपनी आहे. तक्रार तिच्याविरुद्ध नाहीच. २०१० मध्ये ३७५ ला ती महाग होती आणि २०२० मध्ये शंभराला स्वस्त, एवढाच या चौदा वर्षांचा निकाल आहे. भंडारा-नागपूर पट्ट्यात ज्यांच्या डीमॅटमध्ये मूळ वाटपाचे शेअर अजून पडून आहेत, त्यांनी बोनस आणि जमा झालेला प्रत्येक लाभांश धरून आपला वार्षिक दर एकदा काढावा, तो पीपीएफच्या पासबुकाशेजारी ठेवावा, आणि पुढे धरायचे की विकायचे हे मँगनीजचा दर आज चक्राच्या कोणत्या टोकाला आहे ते पाहून ठरवावे.