बावीसची नळी आणि पन्नास पावसाळे

पन्नास-साठ वर्षांपूर्वी मुंबईच्या उपनगरातल्या एखाद्या घरात बावीस बोअरची रायफल असायची, ती ससा-तित्तराच्या शिकारीसाठी. रविवारी शहापूर-मुरबाडकडे जायचं आणि संध्याकाळच्या गाडीने परतायचं. नेम चुकला तर दोष सशाचा, ऐन वेळी त्याने उडी मारली! 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला लगाम घातला आणि 1991 च्या दुरुस्तीने ती वाट जवळपास बंदच केली. हौशी मंडळींपैकी ज्यांनी परवाना टिकवला, ते वरळीच्या रेंजवर कागदावर नेम धरू लागले. कागद काही उडी मारत नाही, त्यामुळे रायफल कशी चालते हे आपल्याकडे खऱ्या अर्थाने तेव्हापासून तपासलं जाऊ लागलं.

नेमबाजीचा संघटित खेळ तसा आधीपासून होता. नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया 1951 साली स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे सभापती ग. वा. मावळंकर. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेची पायरी आहे. पण पार्ले, घाटकोपर, मुलुंडच्या मुलामुलींची बावीसशी पहिली ओळख व्हायची ती कॉलेजच्या एनसीसीत, पंचवीस यार्डांवर. नेमबाज अंजली भागवतही एनसीसीतूनच आल्या.

एनसीसीच्या त्या रायफलींनी एक धडा फुकट दिला. फायरिंग झालं की पुलथ्रूच्या दोरीला चिंदी बांधून नळी साफ करायची. कॅडेट घाईत दोरी तिरकी ओढायचा आणि ती दर वेळी नळीच्या तोंडाच्या कडेला घासायची. शेकडो हातांखाली ती कड एका बाजूने झिजते. मग गोळी बाहेर पडताना मागचा वायू एका बाजूने आधी निसटतो आणि गोळीची शेपूट हलते. बाकीची नळी आरशासारखी असली तरी ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरच्या भोकांचा झुबका, फाटतो. पुढे स्वतःची रायफल बाळगणाऱ्यांनी रॉड नेहमी मागून घालायची शिस्त लावून घेतली ती यामुळे.

तरीही त्या काळात ग्रुप फाटला की पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "नळी गेली." बहुतेक वेळा ते चूक असायचं. बावीसची गोळी मऊ शिशाची, मेण लावलेली आणि वेगही बेताचा. नळी झिजायला तिला फार वर्षं लागतात. दोष काडतुसात असायचा, पण तो सिद्ध करायला हाताशी दुसरं काडतूस नव्हतं. जे मिळेल तेच वापरायचं. मग दोष द्यायला नळीच उरायची.

बावीसच्या काडतुसात पेट घेणारं रसायन मध्यभागी नसतं, बुडाच्या पोकळ कडेत फिरवून पसरवलेलं असतं. ते सगळीकडे सारखं पसरलं नाही, तर प्रत्येक गोळीचा वेग थोडा वेगळा. थोडा म्हणजे किती? गोळी सेकंदाला 320 मीटर वेगाने निघाली तर पन्नास मीटरवर पोचेपर्यंत ती साधारण बारा सेंटिमीटर खाली येते. वेग 310 झाला, तर आणखी सात-आठ मिलिमीटर खाली. पन्नास मीटरच्या लक्ष्यावर दहाच्या वर्तुळाचा व्यासच 10.4 मिलिमीटर असतो. म्हणजे श्वास, चाप, खांदा सगळं बिनचूक असूनही गोळी नवात जाऊ शकते. खेळाडू स्वतःला दोष देतो, प्रशिक्षक खेळाडूला, आणि काडतुसांचा खोका निमूट टेबलावर पडलेला.

काही जण काडतुसं सोनाराच्या काट्यावर तोलत बसायचे, काही कडेची जाडी मोजून ढीग लावायचे. जाडी मोजण्यात थोडा अर्थ होता. तोलण्याचा उद्योग मला कधी पटला नाही. एकूण वजन सारखं भरलं म्हणून कडेतलं रसायन सारखं पसरलंय असं कुठे होतं? बाहेरच्या देशांत कंपन्यांच्या चाचणी केंद्रांत नळी शिकंज्यात धरून एकामागून एक लॉट, म्हणजे एकाच खेपेत बनलेली काडतुसं, झाडून पाहतात आणि त्या नळीला मानवणारा लॉट साठवून ठेवतात. एकाच ब्रँडचे दोन लॉट एकाच नळीत अगदी वेगळे वागतात, हे तिथे जाऊन आलेल्यांकडून इथे कळलं आणि बऱ्याच "गेलेल्या" नळ्या पुन्हा कपाटाबाहेर निघाल्या.

आपल्या हवेची गोष्ट मात्र बाहेरचं कुणी सांगत नाही. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता जूनमध्ये पाणी धरतो, फुगतो, ऑक्टोबरमध्ये आक्रसतो. नळीचा सांगाडा दस्त्याला घट्ट धरणारे स्क्रू त्यामुळे आपोआप ढिले-घट्ट होतात. याची खूण ओळखायला सोपी आहे. दहा गोळ्यांत सहा इकडे, चार तिकडे, आणि दोन्ही झुबके स्वतंत्रपणे छान घट्ट. माणूस असा चुकत नाही. माणसाचा ग्रुप पसरतो, ढिल्या स्क्रूचा दुभंगतो. पावसाळ्यानंतर स्क्रू टॉर्क रेंचने ठरलेल्या मापाला कसले की निम्म्या तक्रारी मिटतात. अॅल्युमिनियमचे दस्ते आले, तेव्हा मुंबईकर नेमबाजांनी सुस्कारा सोडला असेल.

रेंजपर्यंतचा प्रवासही नेम बिघडवतो. मुलुंडहून सकाळची लोकल, दादरला उतरून बस, खांद्यावर जड पेटी. गर्दीत पेटीला कुणाचा गुडघा लागतो, नेम धरायची मागची भोकाची माशी, म्हणजे डायऑप्टर, काडीभर सरकते, आणि रेंजवर पहिल्या दहा गोळ्या सगळ्या एकाच बाजूला. ग्रुप घट्ट पण जागा चुकलेली, हा आजार वेगळा. फाटलेल्या ग्रुपशी त्याची गल्लत करून उगाच नळी घासणारे मी पाहिलेत. घासल्यावर तर आणखी गोंधळ, कारण स्वच्छ नळीत मेणाचा थर पुन्हा बसेपर्यंत पहिल्या काही गोळ्या भरकटतातच. नळीला खरा धोका वेगळाच होता. निवडणुकीत ज्यांची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा व्हायची, त्यांच्या नळीला तिथल्या दमट कोपऱ्यात गंज चढायचा. आता स्पर्धेतल्या नेमबाजांना त्यातून सूट मिळते.

वारा हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात कमी दोषी धरलेला गुन्हेगार. ताशी पंधरा किलोमीटरची आडवी झुळूक बावीसच्या गोळीला पन्नास मीटरवर इंचभर ढकलते, आणि समुद्राकाठच्या शहरात एवढी झुळूक कधीही येते. ग्रुप आडवा पसरला की वारा, उभा पसरला की काडतूस नाहीतर श्वास, एवढं प्रशिक्षक संजय चक्रवर्तींच्या हाताखाली वरळीला तयार झालेल्या पिढीला पाठ असावं. याच शाळेतल्या दीपाली देशपांडे 2004 ला अथेन्स ऑलिम्पिकमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशन (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून) खेळल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने 2010 मध्ये म्युनिकला प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून, 600 पैकी 597 करून विश्वविक्रमाशी बरोबरी साधली आणि विश्वविजेती झाली. 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्वप्नील कुसाळेने थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं, तो दीपालीताईंचाच शिष्य.

या पातळीवर लॉट निवडणं, नळी शिकंज्यात तपासणं, स्क्रूचं माप वहीत लिहिणं हा सरावाचाच भाग झाला आहे. इलेक्ट्रॉनिक लक्ष्यामुळे तर प्रत्येक गोळीचा क्रम दिसतो. पहिल्या पाच वर आणि पुढच्या पाच खाली गेल्या, तर नळी तापण्याचा, थकव्याचा की काडतुसाचा विचार करायचा हे तिथल्या तिथे कळतं. पूर्वी कागदावर नुसता भोकांचा ढिगारा उरायचा. क्लबात नव्याने आलेल्या मुलाला मात्र अजूनही कपाटात असेल तोच खोका मिळतो. दुसरा लॉट मागायचा असतो हेही त्याला ठाऊक नसतं, आणि दोन महिन्यांत तो विचारू लागतो, "सर, नळी गेली का?"